वजन स्प्रिंगचं, चाल तेलाची

(दृश्य: सुदामानगरमधली गल्ली, सकाळ. कॅमेरा जमिनीलगत. ब्रेकरवरून एकामागून एक गाड्या जातात.)

इंदूरचे रस्ते स्वच्छ आहेत, यावर कुणी वाद घालत नाही. सपाट आहेत का, हे मात्र दुचाकीवाल्याला विचारावं. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी आपल्या मनाने घातलेला ब्रेकर, ड्रेनेजच्या कामानंतर घाईघाईत बुजवलेली चर, आणि शहर सोडलं की माळव्याची काळी माती. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर टाकलेलं डांबर काही वर्षांत खालीवर होतं. वरून पाहिलं तर रस्ता नवाकोरा, पण ऐंशीच्या वेगाने निघालात की गाडी डुलायला लागते.

म्हणजे इथल्या गाडीच्या शॉकअपला दोन निरनिराळी कामं आहेत. ब्रेकर आणि खड्डा म्हणजे एकदम बसणारा दणका, त्यात चाक झटक्याने वर येतं. डांबराच्या लाटा म्हणजे सावकाश, लांब हेलकावा. एक सांभाळायला गेलं की दुसरं बिघडतं, आणि गॅरेजमध्ये येणारी बहुतेक मंडळी या दोन्हींसाठी एकच तक्रार करतात: ‘शॉकअप कडक झालाय.’

(दृश्य: गॅरेजचं शटर वर जातं. हिरवी-काळी निंजा आत ढकलली जाते.)

आजची गाडी आहे कावासाकी निंजा 650. मालक बँकेत, वहिनी शाळेत शिकवतात. माहेर-सासर दोन्हीकडची निम्मी माणसं पुण्यात, त्यामुळे गणपतीला पुणं चुकत नाही. आग्रा-मुंबई रस्त्याने धुळं, मग मालेगाव, मनमाड, शिर्डी, अहिल्यानगर करत साधारण सहाशे किलोमीटर. दोघं जण, दोन्ही बाजूंना पेट्या, टाकीवर बॅग. एसटी आहे, रेल्वे आहे, पण यांना गाडीच हवी.

वळणावर झुकायला आवडणारी आणि तरीही दिवसभर बसवून नेणारी, अशा गाड्यांना स्पोर्ट टूरर म्हणतात. बीएमडब्ल्यूची आर 100 आरएस 1976 साली कारखान्यातूनच पूर्ण फेअरिंग लावून बाहेर पडली, तिथून या जातीची सुरुवात मोजायची पद्धत आहे. पण वाऱ्यापासून आडोसा केला म्हणून टूरिंग होत नाही. सत्तर किलोचा एकटा माणूस आणि दीडशे किलोचे दोघं अधिक सामान, या दोन्ही ओझ्यांवर गाडी सारखीच वागली पाहिजे. मधल्या किमतीच्या गाड्यांमध्ये कंपनीचा हात आखडतो तो नेमका इथेच. इंजिनाची ताकद जाहिरातीत दिसते, फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या, आतली झडप दिसत नाही.

मालकांच्या मोबाइलवर एक फोटो आहे. पिवळी स्प्रिंग, सोनेरी डबी. स्वीडनचा ओलिन्स. ही कंपनीही 1976 चीच. मागचा शॉकअप काढायचा आणि हा बसवायचा, असं घरून ठरवून आलेत.

मिस्त्री फोटो बघतात, मान डोलावतात, आणि हवेचं मीटर शोधायला जातात.

मागच्या टायरमध्ये 28. हवी 36. पुढे 32.

‘दादा, शॉकअपचं काम आहे, हवेचं नाही,’ मालक म्हणतात.

‘हो ना. पण आधी हवा. नाहीतर आपण टायरचा दोष शॉकअपच्या नावावर लिहून बसू.’

(दृश्य: टेपचं जवळून चित्र. फोर्कच्या चकचकीत नळीवर बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी.)

मग टेप निघतो. बसल्यावर गाडी किती दबते ते मोजायचं, त्याला सॅग म्हणतात. चाक अधांतरी ठेवून एक माप, माणूस बसवून दुसरं. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग. सोपं वाटतं, पण फोर्कच्या सीलमध्ये नळी थोडी अडकते, त्यामुळे एकाच गाडीची दोन मापं येतात. म्हणून मिस्त्री हॅन्डल दाबून हळूच सोडतात आणि मोजतात. मग हॅन्डल उचलून हळूच सोडतात आणि पुन्हा मोजतात. दोन्हींमधलं माप धरायचं. दोन्हींत फार अंतर आलं, तर फोर्क आत घासतोय हेही तिथेच कळतं.

‘वहिनी, तुम्हीही बसा. सामान लावा, पुण्याला जाता तसंच.’

‘हेल्मेट पण?’

‘हेल्मेट, जॅकेट, बूट. सगळं.’

शेजारच्या किराणा दुकानातला मुलगा हे बघायला बाहेर येऊन उभा राहतो. गॅरेजच्या आत, बंद गाडीवर, हेल्मेट घालून बसलेलं जोडपं. बघण्यासारखं आहे खरं.

या गाडीच्या पुढच्या चाकाला खालीवर व्हायला 125 मिलिमीटर जागा आहे, मागच्याला 130. रस्त्यावरच्या गाडीत यातला साधारण तिसरा हिस्सा, किंवा त्याहून जरा कमी, बसल्याबसल्या वापरला जावा असा हिशेब असतो. म्हणजे चाक खड्ड्यात उतरायला खाली जागा राहते आणि दणका घ्यायला वर. इथे पुढे निघाले 46. मागे, दोघं आणि सामान धरून, 62. जवळजवळ अर्धी जागा गाडी उभी असतानाच संपलेली.

यातून एक-एक तक्रार उलगडत जाते. मागची बाजू बसली की पुढची आपोआप वर होते. फोर्कचा कल वाढतो, गाडी वळायला जड होते, वळणावर बाहेर बाहेर जाते. हेडलाइट रस्त्याऐवजी झाडांवर पडतो. आणि मधला मोठा खड्डा आला की मागचा शॉकअप तळाला टेकतो, तो दणका थेट वहिनींच्या कमरेत. त्यांनी यासाठी कमरेचा पट्टाही घेतलाय.

‘मग स्प्रिंग टाइट करा की,’ मालक म्हणतात.

करून बघू. मागच्या शॉकअपची, स्प्रिंग दाबून धरणारी चकती सी-पान्याने शेवटपर्यंत आवळली. दोघांचा सॅग 50 वर आला. सुधारला. पण दोघांनाही उतरवून नुसती गाडी मोजली, तर ती फक्त तीन मिलिमीटर दबते आहे.

आणि इथे थोडं थांबावं लागेल, कारण निम्मं गॅरेजविश्व इथेच चकतं. चकती आवळली म्हणून स्प्रिंग कडक होत नाही. समजा पुढच्या दोन्ही स्प्रिंगा मिळून एक मिलिमीटर दबायला 1.9 किलो घेतात. त्या आधीच दहा मिलिमीटर दाबून बसवल्या, तर पहिल्या एकोणीस किलोंना त्या हलणार नाहीत. विसाव्या किलोपासून मात्र पुन्हा तेच, मिलिमीटरला 1.9. असं आधीच दाबून ठेवणं म्हणजे प्रीलोड. त्याने गाडी कुठल्या उंचीवर उभी राहील ते बदलतं, पुढची चाल बदलत नाही. ओझ्याखाली गाडी योग्य उंचीवर आणायला चकती शेवटपर्यंत आवळावी लागली आणि रिकामी गाडी ताठ उभी राहिली, तर स्प्रिंग त्या ओझ्यासाठी मऊ आहे. उलट, माणूस बसल्यावरचं माप बरोबर आणि रिकामी गाडी मात्र खूप दबलेली, तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक. ऐकायला उलटं वाटतं, टेपवर मात्र रोज हेच दिसतं.

निदान झालं. पुढच्या स्प्रिंगा बदलायच्या. मागे काय करायचं ते नंतर.

(दृश्य: कॅलेंडर. पार्सलची वाट. देवास रस्त्यावरून जाणारे ट्रक.)

सुटे भाग यायला वेळ लागतो. यात एक गंमत आहे. इंदूरपासून चाळीसेक किलोमीटरवर देवासला गॅब्रिएल इंडियाचा कारखाना आहे, 1961 पासून शॉकअप बनवणारी कंपनी. तिकडे महाराष्ट्रात वाळूजची एन्ड्युरन्स बजाजच्या गाड्यांना फोर्क पुरवते. आणि दुसऱ्या अंगाला, पीथमपूरला, नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक आहे, 2021 मध्ये उद्घाटन झालेला. शॉकअप बनवणारे, गाड्या तपासणारे असे आसपास असताना या एका गाडीच्या स्प्रिंगा मात्र परदेशातून यायच्या. संख्येचा प्रश्न आहे. एवढ्या थोड्या गाड्यांसाठी इथे कुणी साचा लावत नाही.

(दृश्य: फोर्क उघडण्याचं काम. हातांचं जवळून चित्र.)

पार्सल आलं. फोर्क काढायच्या आधी मिस्त्री वरच्या क्लॅम्पचा बोल्ट सैल करतात आणि फोर्कचं झाकण गाडीवरच पाव आटा फिरवून ठेवतात. हे विसरलं तर नळी हातात घेऊन झाकण सोडवताना नाकी नऊ येतात. शेवटचे दोन आटे उरले की हाताचा तळवा झाकणावर दाबून धरायचा, खाली स्प्रिंग दबलेली असते.

तेल बाहेर येतं. नवं असताना लालसर होतं म्हणे. आता राखाडी, त्यात चंदेरी झाक, आणि वास असा की वहिनी दोन पावलं मागे सरकतात. ती झाक म्हणजे घासल्या गेलेल्या धातूचे कण. नळीच्या आतल्या बुशवर टेफ्लॉनचा थर असतो, तो एका बाजूने उडालाय आणि तांबूस धातू दिसतोय. बुश बदलायचे. सील तर बदलायचेच.

आतली रचना जुन्या पद्धतीची आहे. एक पोकळ दांडा, त्याला ठरावीक मापाची भोकं. चाक वर आलं की तेल त्या भोकांतून पळतं आणि अडवणूक होते. इंजेक्शनची सिरिंज हळू दाबली तर पाणी सहज निघतं, जोरात दाबली तर अंगठा अडतो, इथेही तेच. वेग दुप्पट झाला की अडवणूक चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट. म्हणून ब्रेक लावताना फोर्क सावकाश दबतो तेव्हा भोकं पुरेसं अडवत नाहीत आणि गाडी नाक खुपसते. तोच फोर्क ब्रेकरच्या धारदार कडेवर इतका अडवतो की मनगटं बधिर होतात. एकाच वेळी मऊही आणि कडकही. मालक दोन्ही तक्रारी घेऊन आले होते, त्या दोन्ही खऱ्या होत्या.

जाड तेल भरलं तर नाक खुपसणं कमी होईल, पण दणके वाढतील. पातळ भरलं तर उलट. काही ठिकाणी तर 20डब्ल्यू-50 इंजिन ऑइल ओततात आणि गिऱ्हाइकाला ‘आता बघा कसा टाइट झाला’ म्हणून परत पाठवतात. झालेला असतो खरा टाइट.

यावर उतारा म्हणून पितळी रंगाची, अंगठ्याएवढी एक झडप येते. इम्युलेटर. ती दांड्याच्या डोक्यावर बसते, स्प्रिंगच तिला दाबून धरते. दांड्याची जुनी भोकं ड्रिलने मोठी करायची, म्हणजे ती मधे येत नाहीत. आता तेलाला झडपेतून जावं लागतं. झडपेच्या तोंडावर छोटी चकती आणि तिच्यावर छोटी स्प्रिंग. सावकाश चालीत चकती मिटलेली, तेल थोडंच जातं, फोर्क आधार देतो. जोराचा दणका आला की चकती उचलली जाते आणि तेल सुटतं. नऊपटीचा तो हिशेब इथे मोडतो.

फोर्क परत उघडतो त्या चालीला, म्हणजे रिबाउंडला, ही झडप हात लावत नाही. ती अजूनही तेलाच्या जाडीवरच. आणि डब्यावर लिहिलेल्या 10डब्ल्यूवर मिस्त्रींचा विश्वास नाही. एका कंपनीचं 10 दुसरीच्या 15 च्या जवळ निघू शकतं. ते डब्याच्या मागचं बारीक टायपातलं कोष्टक वाचतात, 40 अंशांना किती सेंटिस्टोक, म्हणजे जाडीचं खरं माप. चष्मा वर करून, डबा उजेडात धरून.

(दृश्य: पीव्हीसी पाइपचा तुकडा हॅक्सॉने कापला जातोय.)

नवी स्प्रिंग जुनीपेक्षा आखूड आहे. उरलेली जागा भरायला स्पेसर लागतो, तो प्लंबरच्या दुकानातल्या पीव्हीसी पाइपचा. जुगाड म्हणून हसू नये. भल्याभल्या स्प्रिंगांच्या डब्यात पाइपच येतो, कापायचा आपण. कापलेलं तोंड अगदी काटकोनात हवं, नाहीतर स्प्रिंग तिरकी बसून नळीला घासते. मिस्त्री काचेवर पॉलिश पेपर ठेवून कड घासतात. या पाच मिनिटांत गॅरेजमध्ये कुणी बोलत नाही.

तेल किती भरायचं ते मापाच्या ग्लासवर ठरत नाही. स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, आणि वरच्या कडेपासून तेल किती खाली आहे ते मोजायचं. कारण तेलावर उरलेली हवाही दबते, आणि चाल संपत आली की तीच दुसरी स्प्रिंग बनते. सिरिंजच्या नळीला तेवढ्या लांबीवर खूण केलेली. थोडं जास्त तेल भरायचं, नळी खुणेपर्यंत सोडायची आणि जास्तीचं ओढून घ्यायचं. दोन्ही पायांत पातळी केसाएवढीही वेगळी नको.

पुढचा सॅग आता 37.

(दृश्य: मागचा आडवा शॉकअप. बाजूला नवा, पिवळ्या स्प्रिंगचा.)

मागचं काय? मालकांना वाटतं, जड स्प्रिंग बसवली की झालं. पण जड स्प्रिंग दबते तशीच जोरात उसळतेही. जुन्या शॉकअपची रिबाउंडची ताकद जुन्या स्प्रिंगपुरती मापलेली, आणि ती वाढवायला बाहेर स्क्रूच नाही. अशाने गाडी डांबराच्या प्रत्येक लाटेवर दोनदोनदा नाचेल. म्हणजे इथे पूर्ण शॉकअप बदलणंच भाग आहे, आणि फोटोतला ओलिन्स अगदीच चुकीचा नव्हता. फक्त त्याची पाळी पहिली नव्हती.

निवड करतानाही मिस्त्रींनी एका गोष्टीवर कात्री चालवली. मालकांना हाय-स्पीड आणि लो-स्पीड कॉम्प्रेशनचे, म्हणजे दबण्याच्या चालीचे, वेगळे स्क्रू असलेलं महाग मॉडेल हवं होतं. ‘मी हायवेला शंभरने जातो ना.’ पण हा वेग गाडीचा नसतो, शॉकअपच्या दांड्याचा असतो. वीसच्या वेगाने ब्रेकरवर आदळलात तर दांडा वेगाने आत जातो. एकशे वीसने घाटातल्या गुळगुळीत वळणावर झुकलात तर तो सावकाश दबतो. त्या दोन स्क्रूंऐवजी हाताने फिरवायचा हायड्रॉलिक प्रीलोड नॉब घ्या, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटतं. आठवडाभर एकट्याने ऑफिस, शनिवारी दोघं आणि पेट्या. टूरिंगच्या माणसाचं खरं दुखणं हेच. सी-पाना घेऊन पेट्रोल पंपावर कोण बसणार?

स्प्रिंगचा आकडा ठरवताना आणखी एक हिशेब. मागे चाक आणि शॉकअप यांच्यामध्ये लिंकेज, म्हणजे सांध्यांची जोडणी, आहे, त्यामुळे चाक जेवढं हलतं त्याच्या निम्म्याहूनही कमी शॉकअप दबतो. म्हणून मागच्या स्प्रिंगचा आकडा पुढच्याच्या कितीतरी पट दिसतो. आकडे शेजारी ठेवून घाबरू नये. लिंकेज उघडलं तर आतले सुईबेअरिंग कोरडे, एकात गंजाची पूड. गाडी धुताना प्रेशरचं पाणी थेट तिथेच मारलेलं. नवे बेअरिंग, भरपूर ग्रीस.

(दृश्य: आग्रा-मुंबई रस्ता. राऊ, मग महूचा फाटा, मग मानपूर.)

चाचणी महेश्वरपर्यंत. दोघं, पेट्या, आणि मागून आपल्या जुन्या बुलेटवर मिस्त्री.

राऊच्या पुढे टोल नाक्याआधीच्या पांढऱ्या जाड पट्ट्यांवर हॅन्डल शांत. ब्रेक लावला, नाक खाली गेलं आणि मध्येच थांबलं. मालक खूश. मानपूरच्या अलीकडे मात्र एक लांब पट्टा लागतो, खड्डे, ठिगळं, पुन्हा खड्डे. तिथून बाहेर पडल्यावर वहिनींनी खांद्यावर थाप मारून गाडी थांबवायला लावली.

‘मागे पहिल्यापेक्षा जास्त आदळतंय.’

चहाच्या टपरीवर गाडी उभी. मालकांचा हात थेट नॉबकडे, प्रीलोड सैल करायला. मिस्त्रींनी अडवलं, सीटवर दोन्ही हात ठेवून जोर दिला आणि सोडला. सीट वर येते आहे, पण आळसावल्यासारखी. रिबाउंड जास्त. पहिल्या खड्ड्याने शॉकअप दबला, तो उघडायच्या आत दुसरा खड्डा आला, मग तिसरा. दरवेळी थोडा थोडा खाली बसत गेला, आणि शेवटी दबायला जागाच उरली नाही. बसणाऱ्याला ते कडक वाटतं. कडक काहीच झालेलं नसतं, शॉकअपला परत उघडायला सवड मिळालेली नसते. प्रीलोड सैल केलं असतं तर तो आणखी खाली बसला असता.

चपट्या स्क्रूड्रायव्हरने रिबाउंड दोन टिचक्या मोकळा. पोह्यांची प्लेट संपेपर्यंत एवढंच काम.

उलट फिरून तोच पट्टा पुन्हा. वहिनींची थाप आली नाही.

पुढे गणपती घाट. हा उतार वाहनचालकांना अपघातांमुळे माहीत आहे, ट्रकचे ब्रेक इथे तापून निकामी व्हायचे. इथे चित्रीकरणासाठी थांबलो नाही. एवढंच सांगता येईल की उतारावर, ब्रेक धरलेला असताना, वळणात गाडीने रेषा सोडली नाही.

घाट उतरला की निमाड. हवा बदलते, डांबरावरून झळा येतात. धामनोदला मिस्त्रींनी शॉकअपच्या डबीला बोट लावून बघितलं. कोमट. शॉकअप दुसरं काही करत नाही, हालचालीची उष्णता करतो. तेल तापलं की पातळ होतं, रिबाउंड सुटतो, म्हणून वेगळी डबी, जास्त तेल, आणि नायट्रोजनच्या दाबाखाली ते तेल, म्हणजे फेस धरत नाही. जानेवारीत इंदूरला लावलेलं सेटिंग मे महिन्यात खरगोनच्या बाजूला एखादी टिचकी घट्ट करावं लागू शकतं.

(दृश्य: महेश्वर. गाडी घाटाच्या वरच्या अंगाला उभी. सीट उघडलेली.)

सीटखाली एक चिकटपट्टी लावली आहे, बॉलपेनने लिहिलेली. एकट्याने: नॉब चार, रिबाउंड बारा. दोघं आणि पेट्या: नॉब सोळा, रिबाउंड दहा. टिचक्या पूर्ण बंद करून मग उघडत मोजायच्या, हेही खाली लिहिलंय, कारण घाईत कुणी उलटं मोजतं. त्याखाली: लिंकेजला ग्रीस, दर पावसाळ्यानंतर.

मालक विचारतात, इम्युलेटर आणखी थोडा सैल केला तर ब्रेकर अजून मऊ लागतील का? लागतील. पण त्यासाठी झाकण उघडून, स्प्रिंग काढून, चुंबकाने झडप बाहेर ओढावी लागेल, आणि ब्रेक लावताना नाक पुन्हा थोडं खाली जाईल. आधी पुण्याला जाऊन या, मग ठरवू, असं मिस्त्री सांगतात.

परतीला वहिनींनी बसायच्या आधी स्वतःच नॉब दोन टिचक्या वाढवला. महेश्वरला घेतलेल्या साड्या पेटीत होत्या, त्यांचं वजन पट्टीवर लिहिलेलं नव्हतं.